गच्चीवरचा कुत्रा आणि ऊसगाडीचा बैल: हाल ओळखायचे कसे, सांगायचे कुणाला

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे: "समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर एक कुत्रा सकाळपासून रात्रीपर्यंत साखळीला असतो. सावली नाही, पाण्याचं भांडं बहुतेक वेळा पालथं. बरगड्या मोजता येतात. माहेरी वाळवा तालुक्यात जाते तेव्हा चढावर ऊसगाडीचे बैल गुडघ्यावर येतात आणि वरून काठी पडते, तेही बघवत नाही. याला क्रूरता म्हणायचं की लोकांची परिस्थितीच तशी आहे? तक्रार करायची तर कुणाकडे? आणि शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं येईल त्याचं काय?"

ताई, शेजाऱ्यांचं शेवटी बघू. आधी कुत्र्याचं.

मी पशुधन विकास अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षं जत, आटपाडी, खानापूर आणि शेवटी वाळवा या तालुक्यांतले दवाखाने सांभाळले. पोलिसांबरोबर पंचनाम्याला गेलो, कोर्टात साक्षीला उभा राहिलो. त्यातून एक सवय लागली, तीच तुम्हाला सांगतो. मालकाच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधू नका, जनावराच्या अंगाकडे बघा. गोड बोलणाऱ्या माणसाच्या गोठ्यात उपाशी रेडकू पाहिलं आहे, आणि तोंडात शिवीशिवाय शब्द नसलेल्या मेंढपाळाने अडलेल्या मेंढीपाशी रात्रभर बसून कोकरू सोडवलेलंही पाहिलं आहे.

तुम्हाला बरगड्या दिसतात म्हणता. पण नुसता रोडपणा म्हणजे हाल नव्हेत. पोटात जंत असतील, गोचीड ताप असेल, मूत्रपिंडं निकामी होत असतील किंवा वय झालं असेल, तरी कुत्रा वाळतो. मालक औषधोपचार करत असेल आणि तरीही तो वाळत असेल. म्हणून बरगड्यांच्या जोडीला बाकीच्या खुणा शोधा. साखळी किती हात लांब आहे? कुत्रा झोपतो तिथेच त्याची विष्ठा पडलेली असते का? कोपरांवरचे केस जाऊन तिथे घट्टे पडलेत का? नख्या वाढून वाकड्या झाल्यात का? चालत नाही त्या कुत्र्याच्या नख्या झिजत नाहीत, त्या फरशीवर टकटक वाजतात. मालक जवळ आला की शेपूट हलवत पुढे येतो, की अंग चोरून भिंतीला चिकटतो? आणि एकाच जागी येरझाऱ्या घालत असेल, एकाच वर्तुळात फिरत असेल, तर तो बऱ्याच दिवसांपासून असा बांधलेला आहे असं मी धरतो.

उन्हाचं वेगळं सांगावं लागतं, कारण त्यात वेळ हाताशी नसतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीचा स्लॅब हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. स्वतःच्या गच्चीवर दुपारी दोन वाजता हाताचा तळवा टेकून बघा. पाच-सात सेकंद टेकवत नसेल तर त्या कुत्र्याचे पंजेही तिथे भाजतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो आणि त्यातूनच अंग थंड ठेवतो. धापा वाढल्या, लाळ दोरीसारखी लोंबू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर तो उष्माघात आहे. तेव्हा तक्रारीचा कागद लिहीत बसायचं नाही. शेजाऱ्यांचं दार वाजवायचं, सावलीत आणायचं, अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि डॉक्टर गाठायचा.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम आहे, त्याचं कलम ११ वाचा. त्यात फक्त मारहाण नाही. जनावर अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं, मालक असून पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हे सगळं त्यात नावानिशी लिहिलेलं आहे. म्हणजे तुमच्या समोरच्या गच्चीवर काठी उगारलेली कुणी पाहिली नसली तरी गुन्हा होऊ शकतो. "आम्ही त्याला कधी हात लावत नाही" हे मालक बचाव म्हणून सांगतात. बऱ्याचदा दुखणं तेच असतं.

मिरजेजवळच्या एका वस्तीवर मला कुत्र्याला खरूज झाली आहे म्हणून बोलावलं होतं. सात-आठ महिन्यांचं पोर, अंगाने बरं, भाकरी रोज मिळत होती. जवळ गेलो तर वास आला. खरजेचा वास असा नसतो. मानेवरचे केस बाजूला करत बोट फिरवलं तर गळ्याभोवती एक ओली खाच लागली, आणि खाचेच्या तळाशी काहीतरी टणक. नायलॉनची सुतळी. पिल्लू दोन महिन्यांचं असताना बांधलेली, नंतर कुणी सैल केलेली नाही. पिल्लू वाढत गेलं आणि सुतळी मांसात रुतत गेली, काही ठिकाणी तर वरून कातडी चढली होती. भूल देऊन कात्रीने कापून काढली, किडे वेचले, अर्धा तास गेला. घरातल्या वहिनी रडायला लागल्या. म्हणाल्या, "रोज भाकरी टाकत होतो की हो डॉक्टर." खरंच टाकत होत्या, लांबून. पाच महिन्यांत त्या घरातल्या एकानेही त्याच्या मानेवरून हात फिरवला नव्हता. मी तेव्हा पोलिसांत गेलो नाही. आठ दिवस ड्रेसिंगला येत राहिलो आणि वहिनींकडूनच करून घेतलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण दुसऱ्यांदा तसंच दिसलं असतं तर गेलो असतो.

आता तुमचा "परिस्थिती" हा शब्द. तो मी हलका धरत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात दुष्काळाच्या वर्षी गुरं कशी दिसतात ते मी पाहिलं आहे. २०१३ ला आणि २०१९ ला चारा छावण्या लागल्या तेव्हा बायामाणसं लहान मुलांसकट छावणीत येऊन राहिली होती, दावणीला बांधलेल्या दोन जनावरांसाठी. त्या गुरांच्या बरगड्या दिसत होत्या. त्याला क्रूरता म्हणणाऱ्या माणसाने त्या छावणीत एक रात्र काढावी. ऊसपट्ट्यात वेगळा प्रकार दिसतो. हंगामात गुरांना महिनोन्‌महिने नुसते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालतात. पोट भरलेलं दिसतं, पण वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे शरीरातलं कॅल्शियम बांधलं जातं, जनावर आतून खचतं, गाय व्याली की उठत नाही. तिथे तक्रारीपेक्षा चुन्याची निवळी, खनिज मिश्रण आणि थोडी कोरडी वैरण यांनी काम होतं. डाग देण्याचंही तसंच. जनावर लंगडलं की तापलेल्या सळईने खांद्यावर, फऱ्यावर डागायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. देणारा द्वेषाने देत नाही, उपचार म्हणून देतो. पण जनावराला दुखायचं तेवढं दुखतंच आणि लंगडणं जात नाही. मी अशांना आधी समजावतो. समजावूनही दुसऱ्यांदा डागलेलं दिसलं की मग समजावणं संपलं.

मी फरक असा करतो. सोय असूनही दिलं नाही का? सांगूनही थांबला नाही का? आणि जनावराच्या दुखण्यातून कुणी पैसा काढतोय का? तिसऱ्याचं उत्तर हो आलं की मी परिस्थितीची सबब ऐकत नाही. म्हशीच्या धंद्यातलं रेडकू घ्या. नर झाला की त्याला दूध पाजणं परवडत नाही म्हणून खुंट्याला तसंच वाळू द्यायचं, आणि ते मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून तिला रोज इंजेक्शन टोचायचं. हे बंगल्यातल्या कुत्र्यासारखं रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या हिशेबी आपल्या भागातले सगळ्यात मोठे न दिसणारे हाल हेच. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काही टोचणं हा त्याच अधिनियमाच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्यात पोलीस थेट कारवाई करू शकतात.

ऊसगाडीचा बैल मात्र थोडा सविस्तर घ्यावा लागेल.

बैल चढावर गुडघ्यावर आला म्हणून गाडीवानाला दोष द्यायला आपण लगेच पुढे होतो. तो बहुतेक वेळा बीडकडून आलेला ऊसतोड मजूर असतो, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला. बैल बसला तर त्याचा संसार बसतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरीही बैलाला दुखतं, आणि ते कुठे बघायचं ते सांगतो. गाडी कारखान्याच्या रांगेत नंबराला उभी असते, जू उतरवलेलं असतं, तेव्हा खांदा बघा. वाळव्यात एका बैलाच्या खांद्यावर हळद-तेलाचा जाड थर होता. वरून बघणाऱ्याला वाटावं, काळजी घेतली आहे. थर पुसला तर खाली केस गेलेली, गादीसारखी सुजलेली कातडी आणि मधोमध रुपयाएवढी उघडी जखम. कडेला अंगठ्याने हलकेच दाबलं तर बैलाने मान नाही हलवली, मागचे दोन्ही पाय वाकवले. इतकं दुखत होतं. ही खांदेसूज. तिला खरा उपचार एकच, जू काढून विश्रांती. जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं कलम ११ मध्ये आहे, आणि जुंपणारा व जुंपायला लावणारा मालक दोघेही त्यात येतात.

भारवाहू जनावरांचे १९६५ चे नियम फार कमी लोकांना माहीत आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त किंवा विश्रांती न देता सलग पाच तासांहून जास्त जुंपायचं नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आणि टोकाला खिळा लावलेली काठी, म्हणजे आपली आर लावलेली पराणी, वापरायचीच नाही. आर टोचलेल्या खुणा फऱ्यावर बारीक खपल्यांच्या रांगेसारख्या दिसतात, एका ठिकाणी अनेक. गोमाशीच्या चाव्यांपासून त्या वेगळ्या ओळखू येतात, कारण गोमाशी रांगेत चावत नाही.

इथे तक्रार एकट्या गाडीवानाची करू नका. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला लेखी द्या, कारण गाड्यांचे करार, खेपा आणि नंबर तिथून हलतात. काही कारखाने हंगामात पशुवैद्यकीय शिबिरं घेतात. तुमच्या पत्रामुळे एखादं शिबिर लागलं, चढावर ट्रॅक्टर लावून गाड्या ओढून द्यायची सोय झाली, तर एका गाडीवानावर गुन्हा दाखल होण्यापेक्षा ते कितीतरी बैलांच्या उपयोगी पडेल.

बैलगाडा शर्यतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगली-साताऱ्यात राहून ते टाळता येत नाही. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो बदल उचलून धरला. म्हणजे शर्यत आज कायदेशीर आहे, पण अटींसह: आगाऊ परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, हजार मीटरच्या आत धाव, आणि काठी, चाबूक, पराणी, शॉक यांतलं काहीही नाही. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माणदेशी खिल्लार सांभाळणारे लोक मी जवळून ओळखतो. खरसुंडीच्या यात्रेत खोंडाच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचे चेहरे बघावेत. असा माणूस बैलाला शॉक देत नाही. देणारे दुसरे असतात, आणि त्यांना ओळखायचं तर शेपूट चाचपा. शेपूट पिरगळून, चावून पळवलेल्या बैलाचे शेपटीचे मणके मोडून जागोजागी गाठी झालेल्या असतात. हाताला त्या मण्यांच्या माळेसारख्या लागतात. मैदानावर तपासणीला असताना मी आधी शेपूटच हातात घेत असे.

पाचगणीच्या टेबललँडवर किंवा वेण्णा तलावावर घोड्यावर बसण्याआधी घोडेवाल्याला खोगीर उचलून दाखवायला सांगा. पाठीवर ओली जखम असेल किंवा घोडा एक पाय उचलून धरत असेल तर बसू नका, आणि का बसत नाही ते मोठ्याने सांगा. ऐकणारे चार पर्यटक तिथे असतात.

महामार्गावर गुरांनी कोंबलेला ट्रक दिसला तर तो अडवायला जाऊ नका. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत, आणि प्रवासासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. पण ते तपासणं पोलिसांचं काम. गाडीचा नंबर, दिशा आणि पुढचा टोलनाका कळवा. पुण्याकडून कोल्हापूरकडे जात असेल तर "आनेवाडी सोडला, पुढे तासवडे" एवढं ११२ वर सांगितलं तरी त्यांना गाडी गाठता येते. जमावाने गाडी अडवली की माणसांचं भांडण होतं आणि आत कोंबलेली गुरं तासन्‌तास उन्हात उभी राहतात. मी तशा गाडीतून दोन मेलेली कालवडं उतरवली आहेत. ती प्रवासात मेली नव्हती, भांडण चालू असताना मेली होती.

विषाचं सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गावात एका रात्रीत नऊ कुत्री मेली. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या, अंग ताठ, शेजारीच दोन कावळेही मरून पडलेले. शेतातलं कीटकनाशक लावलेली भाकरी हे उघड दिसत होतं. शवविच्छेदन केलं, यकृत आणि पोटातला माल काढला आणि शिकल्याप्रमाणे फॉर्मेलिनमध्ये घालून पाठवला. रोगनिदानासाठी ते बरोबर असतं, विषासाठी नाही. फॉर्मेलिनमधल्या नमुन्यात विष शोधणं अवघड होऊन बसतं. अहवाल आला, विष आढळलं नाही. ज्याने भाकरी टाकली तो गावात उजळ माथ्याने फिरला, आणि ते माझ्यामुळे. विषबाधेचे नमुने मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवायचे असतात, पोट आणि यकृत वेगवेगळ्या बरण्यांत, सील करून, पंचांसमोर. तुमच्यासमोर असा प्रकार घडला तर मेलेलं जनावर पुरू नका, बर्फात ठेवा. उरलेली भाकरी किंवा मांसाचा तुकडा हातमोजा घालून वेगळ्या पिशवीत ठेवा. ओकारी पडली असेल तर तीसुद्धा. आणि डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा, "नमुना मिठाच्या पाण्यात घातलाय ना?" त्यांनी रागावलं तरी चालेल.

जिवंत असेल तर तूप, दूध, लिंबूपाणी काही पाजू नका. झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं फुप्फुसात जातं आणि विषाआधी त्यानेच मरतं. ॲट्रोपिन हा उतारा वेळेत मिळाला तर अशी कुत्री वाचतात, त्यामुळे सगळी धावपळ दवाखान्याच्या दिशेने करा.

आता कुठे आणि कसं सांगायचं ते. जनावर आत्ता मारलं जातंय, विष टाकलं जातंय, तर ११२. गुरं, म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना जागेवर उपचार हवेत तर १९६२, या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. जनावर जंगली असेल, म्हणजे शिराळा-पाटण-कराडच्या उसात तारेच्या फासात अडकलेला बिबट्या, पोत्यात भरलेला नाग, विक्रीला आणलेले पोपट, तर वन विभागाचा १९२६. वन्यप्राण्यांना १९७२ चा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या शिक्षा कडक आहेत. फासातला बिबट्या दिसला तर आधी माणसं लांब करा. मोबाईल घेऊन जवळ जाणारी गर्दी बघून तो ओढ घेतो आणि तार कमरेत आणखी रुतते.

तुमच्या गच्चीसारख्या रोजच्या हालांसाठी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एक प्रत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि एक जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या. शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

पत्रात "अत्यंत अमानुष, माणुसकीला काळिमा" वगैरे लिहू नका. वाचणाऱ्या अंमलदाराला त्यातून काहीच हाती लागत नाही. असं लिहा: "दि. ४ ते १० एप्रिल या सात दिवसांत मी रोज सकाळी ८, दुपारी २ आणि सायंकाळी ६ वाजता पाहिलं. २१ पैकी १७ वेळा भांड्यात पाणी नव्हतं. दुपारी २ वाजता सातही दिवस सावली नव्हती. साखळी अंदाजे चार फूट. सात दिवसांत कुत्रा एकदाही खाली नेलेला दिसला नाही. सोबत १४ छायाचित्रं." एवढं पान कुठल्याही कोर्टात उभं राहतं. व्हिडिओ काढलात तर त्यात तारीख, वेळ आणि जागा स्वतःच्या तोंडाने बोला, आणि मूळ फाइल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत काढल्याची तारीख-वेळ उरत नाही. गाईम्हशींच्या बाबतीत कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक टिपा. जनावर रातोरात बदललं तरी तो क्रमांक सापडतो.

कायद्याच्या मर्यादाही माहीत असू द्या. १९६० च्या अधिनियमातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतील, आणि पुढच्या तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकं झाली, आकडा अजून तोच. मी कोर्टात पन्नासची नोट भरून हसत बाहेर पडणारा माणूस पाहिला आहे आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. हा आकडा बदलला पाहिजे, आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा हे मागा. पण म्हणून तक्रार निरुपयोगी ठरत नाही. गुन्हा सिद्ध झाला आणि परत हाल होतील असं कोर्टाला वाटलं तर मालकाकडून जनावर काढून घेण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे. खटला चालू असताना जनावर निवारागृहात ठेवता येतं आणि तो खर्च मालकावर बसवता येतो. पन्नास रुपयांना न घाबरणारा माणूस या खर्चाला घाबरतो.

जनावर ठार मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना दंड संहितेची ४२८ आणि ४२९ ही कलमं होती. ३२५ ला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. तक्रारीत हे कलम स्वतः लिहा. ठाण्यात "आधी चौकशी करतो" म्हणाले तर ती १४ दिवसांत पूर्ण करावी लागते. घेतच नसतील तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आणि एक तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. १९६० च्या अधिनियमाखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. बघू, सांगू, समजावू यात चौथा महिना उजाडला की त्या घटनेपुरता रस्ता बंद.

काय करू नये तेही सांगतो. कुत्रा परस्पर सोडून नेऊ नका, चोरीचा आळ तुमच्यावर येईल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. शेजाऱ्यांचा फोटो, बंगल्याचा पत्ता समूहांवर टाकू नका. चिडलेला मालक कुत्रा रात्रीत कुठेतरी नेऊन सोडतो, मग ना तुम्हाला सापडतो ना पोलिसांना.

आता शेजाऱ्यांचं. फोनवर दवाखान्याला किंवा ११२ ला सांगताना नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. लेखी तक्रारीत मात्र तुमचं नाव येणार आणि ते समोरच्याला कळणार. याबद्दल खोटा दिलासा मी देत नाही. म्हणूनच तुमच्या बाबतीत मी पहिला कागद पोलिसांना लिहा म्हणणार नाही. सात दिवसांची नोंद करा, पण तिसऱ्या दिवशी एकदा त्यांच्या दारात जा. "तुम्ही कुत्र्याला त्रास देता" असं म्हणू नका. म्हणा, "वहिनी, गच्चीवर फार तापतंय. आमच्याकडे द्राक्षबागेचं जुनं शेडनेट पडलंय, लावून देऊ का? आणि पाण्याला सिमेंटचं जड भांडं ठेवू, म्हणजे पालथं होणार नाही." बरेच लोक यावर हो म्हणतात. काहींच्या मनात तेच असतं, फक्त कुणी पुढे येत नाही. संध्याकाळी तुमच्या घरातलं कुणी कुत्र्याला फिरवायला नेऊ शकत असेल तर तेही विचारा. आणि जवळच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवायला राजी करा. जंत की उपास, ते तिथेच कळेल आणि केसपेपरवर तारखेसह येईल.

त्यांनी दार लावून घेतलं तर आठव्या दिवशी तुमच्या हातात २१ नोंदींचं पान असेल. त्यात एक ओळ वाढवा: अमुक तारखेला मी स्वतः सांगितलं आणि सावलीची सोय देऊ केली, त्यांनी नाकारली. ते पान घेऊन ठाण्यात जाताना सोबत एखाद्या शेजाऱ्याला घ्या, पंच म्हणून त्यांचीही सही लागेल. जाण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे पोलीस गच्चीवर जातील तेव्हा ते बरोबर असतील आणि साखळी मोजून घेतली जाईल.